तबकडीची अनुक्रमणिका : आयएसओ ९६६० व त्याच्या पुरवण्या यांची चिकित्सा

१

एका संगणकावर लिहिलेली सीडी दुसऱ्या संगणकात घातली असता कधी ती निर्वेधपणे वाचली जाते, कधी तिच्यातील फाइलींची नावे तुटकी वा विद्रूप झालेली आढळतात, आणि कधी तर माहितीने भरलेली तबकडी कोरी असल्याचे उत्तर मिळते. या सर्व प्रकारांची कारणमीमांसा ‘सीडी खराब झाली’ एवढ्या एका वाक्यात उरकण्याची रीत पडून गेली आहे. वस्तुतः पुष्कळ वेळा तबकडीवरील खुणा शाबूत असतात. त्या खुणांचा अर्थ कोणत्या संकेताने लावावयाचा याविषयी लिहिणारी प्रणाली आणि वाचणारी प्रणाली यांच्यात एकवाक्यता नसते. तबकडीचा रासायनिक थर किती वर्षे टिकतो हा निराळा विषय असून त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. एका ऑपरेटिंग सिस्टिमखाली लिहिलेली तबकडी दुसरीखाली कितपत वाचता येते, आणि ती वाच्यता कशावर अवलंबून असते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रशाळेचा आहे असे समजून भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच्. डी. प्रबंधांच्या संगणकीय प्रती सादर करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले. त्या काळाच्या आगेमागे प्रबंधाच्या बांधीव प्रतीस सीडी जोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली होती. क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची छायाचित्रे, बोलींच्या शब्दसूची ही सामग्रीही पुष्कळदा सीडीवरच साठविली गेली. आज नव्या लॅपटॉपांतून सीडी वाचण्याची सोय बहुतांशी नाहीशी झाली आहे. तेव्हा कपाटात पडून असलेल्या या तबकड्या ज्या कोणाच्या हाती पडतील, तो त्या एकदाच आणि बहुधा शेवटच्याच खेपेस उतरवून घेणार. त्या वेळी काय हाती लागेल आणि काय निसटेल, हे तबकडी ज्या रचनेत लिहिली गेली तिच्यावर अवलंबून आहे.

या रचनांविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार आयएसओ ९६६० हे जुने मानक दरिद्री आहे आणि त्याची जागा अधिक समर्थ रचनेने घेणे इष्ट आहे. दुसऱ्या मतानुसार ते दारिद्र्यच त्याचा गुण होय. जे सर्वांना परवडते तेच सर्वत्र चालते. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. या मानकाचे टिकाऊपण त्याने काय सांगितले यात फारसे नसून त्याने कोठे जागा मोकळी सोडली यात आहे. हे विधान सिद्ध करणे, आणि त्या मोकळ्या जागांनी मराठीसारख्या भाषेला काय दिले व काय दिले नाही याचा हिशेब मांडणे, हा येथे हेतू आहे.

२

मानकाची घडण समजून घ्यावयाची तर तबकडीवरील थरांचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. सर्वांत खालचा थर फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी ठरविलेला आहे. तबकडीवरील माहिती २३५२ बाइटांच्या सेक्टरांत विभागलेली असते. त्यांपैकी २०४८ बाइट सामान्यतः वापरणाऱ्याच्या वाट्यास येतात आणि उरलेले स्थाननिश्चिती व दोषदुरुस्ती यांसाठी खर्च होतात. घरच्या यंत्रावर लिहिता येणाऱ्या तबकडीचे नियम १९९० च्या ‘ऑरेंज बुक’ या ग्रंथात नमूद झाले. या थराविषयी विंडोज, मॅकिंटॉश आणि युनिक्स यांच्यात मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो त्याच्या वरच्या थरावर : कोणती फाइल कोणत्या सेक्टरापासून आरंभ होते, तिची लांबी किती, तिचे नाव काय, ही माहिती कशी नोंदवावयाची? थोडक्यात, ग्रंथाची पाने सर्वांस सारखी दिसतात; वाद अनुक्रमणिकेचा आहे.

आरंभीच्या काळात प्रत्येक प्रकाशक आपल्या मर्जीप्रमाणे ही अनुक्रमणिका रचीत असे, आणि ती वाचण्यासाठी त्याचाच प्रोग्रॅम लागे. ही अवस्था संपविण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लेक टाहोजवळच्या ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात काही कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र आले. त्यांत ॲपल, डिजिटल इक्विपमेंट, हिताची, मायक्रोसॉफ्ट, फिलिप्स आणि सोनी यांचा समावेश होता. त्यांच्या प्रस्तावास हॉटेलाचेच नाव पडले. थोड्याफार फेरफारांनंतर तो १९८६ च्या डिसेंबरात युरोपीय संगणक-उत्पादक संघाचे एक्मा ११९ हे मानक झाला, आणि १९८८ मध्ये आयएसओ ९६६० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

या मानकाच्या अंतरंगात दोन परस्परविरोधी वृत्ती दिसून येतात, आणि समीक्षकाने त्या वेगळ्या काढल्या पाहिजेत. पहिली वृत्ती औदार्याची. त्या काळी इंटेलचे प्रोसेसर अनेक बाइटांची संख्या लिहिताना लहान स्थानाचा बाइट आधी ठेवीत, तर मॅकिंटॉशमधील मोटोरोला प्रोसेसर मोठ्या स्थानाचा आधी ठेवीत. यांपैकी एक पद्धत निवडून दुसऱ्या पक्षास उलटापालट करावयास लावणे सहज शक्य होते. मानकाने तसे केले नाही. महत्त्वाची प्रत्येक संख्या दोन्ही क्रमांनी, दोनदा लिहावी, असा त्याने नियम केला. फोल्डरांच्या मार्गांची कोष्टकेदेखील याच न्यायाने दोन ठेविली. थोड्या बाइटांचा अपव्यय पत्करून दोन्ही पक्षांना आपापल्या वहिवाटीप्रमाणे वाचू देण्याचा हा निर्णय निःसंशय प्रशंसनीय आहे.

दुसरी वृत्ती कृपणतेची, आणि ती नावांच्या बाबतीत प्रकट होते. मानकाच्या पहिल्या पातळीवर फाइलीच्या नावास आठ आणि प्रत्ययास तीन चिन्हे मिळतात. ती चिन्हे रोमन लिपीतील मोठी अक्षरे, दहा अंक आणि अधोरेखा यांखेरीज दुसरी असू शकत नाहीत. फोल्डरात फोल्डर अशी साखळी आठ पायऱ्यांपलीकडे जाऊ शकत नाही. दुसऱ्या पातळीवर नावाची लांबी सुमारे ३० चिन्हांपर्यंत वाढते, परंतु वर्णमाला तीच राहते. आठ आणि तीन ही मर्यादा मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसची होती. नावाच्या शेवटी अर्धविराम देऊन आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची रीत डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीच्या वळणाची होती. मॅकिंटॉशवर त्याच काळी ३१ चिन्हांची नावे चालत, आणि बर्कली युनिक्सवर त्याहून पुष्कळ मोठी. तात्पर्य, संख्यांच्या बाबतीत दोन्ही पक्षांचा मान राखला गेला, तर नावांच्या बाबतीत सर्वांत गरीब पक्षाची ऐपत सर्वांवर लादली गेली. एकाच मानकात न्यायाची ही दोन मापे असावीत, हा त्यातील मूलभूत दोष होय.

३

असे असताही हे मानक टाकाऊ का ठरले नाही? त्याचे उत्तर त्याने सोडलेल्या रिकाम्या जागांत आहे. अशा तीन जागा विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा तबकडीच्या अगदी आरंभी आहे. पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, यांत काय असावे याविषयी मानक मौन पाळते. मानकाचा स्वतःचा मजकूर त्यांच्यानंतर, ‘सीडी००१’ या ओळखचिन्हासह सुरू होतो. दुसरी जागा या आरंभीच्या वर्णनखंडात आहे. मुख्य वर्णनाखेरीज पूरक वर्णने जोडण्याची परवानगी तेथे दिलेली असून, प्रत्येक पूरक वर्णन आपली स्वतंत्र अनुक्रमणिका दाखवू शकते. तिसरी जागा प्रत्येक फाइलीच्या नोंदीच्या शेवटी आहे. नोंदीतील ठरावीक रकाने संपल्यावर उरलेली जागा प्रणालीने स्वतःच्या उपयोगासाठी वापरावी, एवढेच मानक सांगते.

पुढील काळात उद्भवलेल्या पुरवण्यांचे वर्गीकरण या तीन जागांनुसार करता येते. ॲपलने पहिल्या जागेत आपल्या विभागणीचे कोष्टक ठेवून त्याच तबकडीवर १९८५ च्या आपल्या एचएफएस रचनेची अनुक्रमणिका बसविली. अशा संकरित तबकडीवर फाइलीचा मजकूर एकदाच लिहिलेला असतो आणि दोन अनुक्रमणिका त्याकडे बोट दाखवितात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या वेळी ‘जोलिएट’ या नावाने दुसऱ्या जागेचा उपयोग केला. पूरक वर्णनात युनिकोडच्या १६ बिटी चिन्हांत लिहिलेली दुसरी अनुक्रमणिका तिने ठेविली, आणि नावाची मर्यादा ६४ चिन्हांपर्यंत नेली. युनिक्सच्या अनुयायांनी ‘रॉक रिज’ या पुरवणीत तिसऱ्या जागेचा आश्रय केला. प्रत्येक नोंदीच्या शेपटात खरे लांब नाव, मालकाची व परवानगीची माहिती आणि अन्य फाइलींकडे नेणारे दुवे त्यांनी लिहिले. या पुरवणीचे नाव १९७४ च्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ या विनोदी चित्रपटातील काल्पनिक गावावरून घेतलेले आहे. तबकडीवरूनच संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही १९९५ ची योजनाही वर्णनखंडातील अशाच एका मोकळ्या खणात बसते.

येथे एक गोष्ट लक्षात यावी. बाजारात परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले हे पक्ष एकाच तबकडीवर शेजारी शेजारी नांदू शकले, याचे श्रेय त्यांच्या सामंजस्यास देता येणार नाही. मानकाने कोणासही कोणाच्या जागेत शिरावे लागू नये अशी व्यवस्था आधीच केली होती. मानकाची नियमावली कृपण होती, परंतु तिचा समास रुंद होता. आणि भाष्ये ही नेहमी समासातच लिहिली जातात.

४

या पुरवण्यांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावयाचे? वैशिष्ट्यांची यादी करून ज्याची यादी लांब त्यास श्रेष्ठ ठरविणे ही तांत्रिक नियतकालिकांची पद्धत आहे, पण ती येथे उपयोगाची नाही. आम्ही निराळी कसोटी सुचवितो. तिला अनभिज्ञ वाचकाची कसोटी म्हणता येईल. पुरवणीचा गंधही नसलेल्या प्रणालीस ती तबकडी दिली असता तिच्या हाती काय लागते? मूळ मजकूर लागत असेल तर पुरवणी सुसंगत. काहीच लागत नसेल तर कितीही समर्थ असली तरी विसंगत.

रॉक रिज या कसोटीस पूर्ण उतरते. ती न जाणणारी प्रणाली नोंदीच्या शेपटाकडे दुर्लक्ष करते आणि आखूड नावांनी सर्व फाइली वाचते. जोलिएटही उतरते, कारण मुख्य अनुक्रमणिका जागच्या जागी शाबूत असते. संकरित तबकडी दोन्ही पक्षांपुरती उतरते. परंतु केवळ एचएफएस रचनेत लिहिलेली, आयएसओची अनुक्रमणिका नसलेली तबकडी मात्र नापास होते. साध्या विंडोज संगणकास ती अनोळखी वाटते.

या शेवटच्या प्रकाराचा पुढील इतिहास बोधप्रद आहे. ॲपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस ही सुधारित रचना आणली. २००९ च्या मॅक ओएस १०.६ मध्ये जुन्या एचएफएसवर लिहिण्याची सोय काढून घेण्यात आली, आणि २०१९ च्या १०.१५ या आवृत्तीपासून ती वाचण्याची सोयही संपली. म्हणजे १९९० च्या दशकात मॅकिंटॉशवर केवळ त्याच रचनेत लिहिलेली तबकडी आज मॅकिंटॉशलाच उघडता येत नाही. ती वाचण्यासाठी अन्य साधनांचा आश्रय करावा लागतो. त्याच वर्षी लिहिलेली आयएसओ ९६६० ची तबकडी मात्र तोच संगणक विनातक्रार वाचतो. स्वतःच्या घरची भाषा घर विसरले आणि बाजारची भाषा टिकली, असा हा प्रकार आहे.

यूडीएफ या रचनेचा विचार अधिक काळजीने करावयास हवा, कारण तिचा हेतूच सर्व प्रणालींना समान असावे हा होता. ती एका कंपनीची नव्हे. ऑप्टिकल स्टोरेज टेक्नॉलॉजी असोसिएशन या संघटनेने एक्मा १६७ या मानकाच्या आधारे ती घडविली. नावांना युनिकोड, मोठ्या फाइलींना जागा, पुनर्लेखनाची सोय, असे तिचे गुण निर्विवाद आहेत. १९९६ ची १.०२ ही आवृत्ती डीव्हीडी चित्रपटांसाठी स्वीकारली गेली आणि बहुतेक सर्वत्र वाचली जाते. परंतु पुढे १९९७ मध्ये १.५०, १९९८ मध्ये २.००, २००० मध्ये २.०१, २००३ मध्ये २.५० आणि २००५ मध्ये २.६० अशा आवृत्त्या निघत गेल्या, आणि प्रत्येक प्रणाली यांपैकी कोठपर्यंत आली आहे हे पाहणे आवश्यक झाले. विंडोज एक्सपी २.०१ पर्यंतची तबकडी वाचीत असे, २.५० ची तबकडी तिला अगम्य होती. आयएसओ ९६६० ची पुरवणी न समजल्यास वाचकाचे नाव हुकते. यूडीएफची आवृत्ती न समजल्यास वाचकाची तबकडीच हुकते. तत्त्वतः सार्वत्रिक असलेली रचना व्यवहारात आवृत्तीसापेक्ष व्हावी, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप होय. ज्या तबकडीवर यूडीएफ १.०२ आणि आयएसओ ९६६० या दोन्ही अनुक्रमणिका शेजारी असतात, ती ‘ब्रिज’ तबकडी या आक्षेपातून सुटते, आणि तेही पुन्हा मोकळ्या जागेच्याच बळावर.

या संदर्भात विंडोज व्हिस्टाने आरंभिलेली प्रथा टीकेस पात्र आहे. तबकडी लिहिताना तेथे दोन पर्याय दिले जात, आणि आपोआप पुढे येणारा पर्याय यूडीएफ २.०१ चा होता. विंडोज ७ पासून या दोन पर्यायांचे वर्णन असे होऊ लागले की, एका पर्यायाने तबकडी यूएसबी पेनड्राइव्हसारखी वापरता येईल आणि दुसऱ्याने ती सीडी-डीव्हीडी प्लेअरवर चालेल. या भाषेत रचनेचे नाव नाही, आवृत्ती नाही, आणि अन्य प्रणालींचा उल्लेखही नाही. लिहिणाऱ्याची सोय तेवढी सांगितली आहे. वाचणाऱ्याचा विचार प्लेअरपुरता उरला आहे. अनेकांनी रचनेची निवड केली ती निवड करीत आहोत याची जाणीवही न होता.

शेवटी सत्रांचा प्रश्न. तबकडी एकाच बैठकीत न लिहिता अनेक सत्रांत लिहिता येते. पहिल्या सत्राच्या आरंभाच्या व अखेरीच्या खुणांसाठी सुमारे २२ मेगाबाइट आणि पुढील प्रत्येकासाठी सुमारे १३ मेगाबाइट जागा खर्च होते. पुढचे सत्र सामान्यतः मागील फाइलींचाही समावेश करून नवी अनुक्रमणिका लिहिते. १९९२ मध्ये कोडॅकची फोटो सीडी बाजारात येईपर्यंत बहुसत्री तबकडीचे महत्त्व फारसे नव्हते, आणि त्यापूर्वीची अनेक वाचनयंत्रे पहिल्याच सत्राशी थांबत. तसेच सत्र बंद न केलेली तबकडी लेखनयंत्रात वाचली जाते, परंतु साध्या वाचनयंत्रास तीवर काहीच दिसत नाही. ‘कोरी’ ठरलेल्या सीडींपैकी काही या न मिटलेल्या सत्रांच्या असणे संभवनीय आहे. म्हणून अशी तबकडी टाकून देण्यापूर्वी लेखनयंत्रात घालून पाहणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरते.

५

आता मराठीच्या दृष्टीने या व्यवस्थेकडे पाहू. मूळ मानकाच्या वर्णमालेत देवनागरीस स्थान नाही. १९८८ साली ते असावे अशी अपेक्षा धरणे ऐतिहासिकदृष्ट्या अन्यायाचे होईल, कारण युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे. पण दोष कालाचा म्हटला तरी परिणाम टळत नाही. आपल्या लिपीतील नाव या तबकडीवर आले ते नेहमी पुरवणीतून आले. मूळ अनुक्रमणिकेत ते कधीच नव्हते. म्हणजे अनभिज्ञ वाचकाच्या कसोटीवर मजकूर वाचतो, परंतु मराठी नाव पडते. इंग्रजी नावाचे मूळ पातळीवर संक्षेपात का होईना रूप उरते. मराठी नावाचे अंकांनी व अधोरेखांनी भरलेले एखादे टोपणरूप उरते, आणि त्यावरून मूळ नाव ओळखता येत नाही.

जोलिएटने ही उणीव प्रथम भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ६४ चिन्हांची तिची मर्यादा रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून पुरेशी मानलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीची मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांची स्वतंत्र चिन्हे म्हणून गणना होते. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. यंत्र त्यात अकरा चिन्हे मोजते. रॉक रिजच्या पद्धतीत नाव बाइटांनी मोजले जाते, आणि यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे तोच शब्द तेथे तेहेतीस बाइटांचा होतो, आणि २५५ बाइटांच्या मर्यादेत पंच्याऐंशी चिन्हे मावतात. शिवाय ते बाइट कोणत्या संकेतानुसार वाचावयाचे हे रॉक रिज सांगत नाही. ते वाचणाऱ्या प्रणालीच्या तर्कावर सोपविलेले आहे. यूडीएफमध्ये देवनागरी नावास जास्तीत जास्त १२७ चिन्हे मिळतात. प्रबंधाचे पूर्ण शीर्षक हेच फाइलीचे नाव करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ही गणिते ध्यानात ठेवावीत. एकाच शीर्षकाने आरंभ होणारी दोन प्रकरणे ६४ चिन्हांवर कापली गेली की त्यांतील भेदच नाहीसा होतो.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार मराठीच्या विशिष्ट अक्षराशी निगडित आहे. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. हेच चिन्ह साधा र आणि त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांत विघटित करूनही लिहिता येते, आणि युनिकोडच्या नियमानुसार ही दोन्ही रूपे समान मानावयाची असतात. ॲपलची एचएफएस प्लस रचना नावे विघटित रूपात साठवीत असे. विंडोजवर ती जशी टंकलिखित झाली तशीच राहतात. परिणामी ‘कऱ्हाड’ हे नाव एका रचनेत सहा चिन्हांचे आणि दुसरीत सात चिन्हांचे होते. डोळ्यास दोन्ही सारखी दिसतात, परंतु बाइटाबाइटांची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमला ती दोन भिन्न नावे वाटतात. दोन तबकड्यांच्या सूची यंत्राने ताडून पाहताना ‘फाइल गहाळ’ असा निष्कर्ष निघाल्यास, ती खरोखरच गहाळ आहे की तिच्या नावातील र फुटला आहे, हे तपासावे लागेल.

नावांपलीकडे मजकुराचाही प्रश्न उरतो. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार येण्यापूर्वी, आणि नंतरही काही वर्षे, मराठी मजकूर विशिष्ट फाँटांच्या खाजगी संकेतांत टंकलिखित होत असे. तबकडी सुवाच्य, फाइल सुवाच्य, आणि तरी फाँटाअभावी मजकूर अर्थहीन, ही अवस्था अनेकांच्या परिचयाची असेल. जुन्या मॅकिंटॉशवरील फाँटाच्या फाइलींची बाब तर विशेष आहे. त्यांची सारी माहिती फाइलीच्या ‘रिसोर्स’ नावाच्या दुसऱ्या शाखेत असे. ती शाखा साध्या आयएसओ अनुक्रमणिकेत उतरत नसल्यामुळे, अन्य प्रणालीवर अशी फाइल शून्य बाइटांची दिसते. लेख बरोबर आला आणि तो वाचण्याची किल्ली वाटेत गळाली, असे येथे घडते.

६

पाठचिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकास या व्यवस्थेत आणखी एक शंका यावी, आणि ती रास्त आहे. एकाच तबकडीवर दोन-तीन अनुक्रमणिका असतील, तर त्या परस्परांशी जुळतात याची हमी कोण देतो? मानक देत नाही. जोलिएटच्या अनुक्रमणिकेत असलेली फाइल मुख्य अनुक्रमणिकेत नसणे, किंवा एचएफएसच्या सूचीत निराळाच संच असणे, हे पूर्णपणे शक्य आहे. किंबहुना एकाच तबकडीवर विंडोज व मॅकिंटॉश यांसाठी भिन्न प्रोग्रॅम देताना प्रकाशकांनी या शक्यतेचा हेतुपूर्वक उपयोग केला. म्हणजे दोन अभ्यासक एकच तबकडी दोन संगणकांवर उघडून दोन भिन्न आशय पाहू शकतात, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात.

म्हणून तबकडीतील सामग्रीचा आधार देताना ती कोणत्या अनुक्रमणिकेतून वाचली हे नमूद करणे, पोथीचा आधार देताना प्रत कोणती हे सांगण्याइतकेच आवश्यक आहे. आणि तबकडीचे जतन करताना केवळ फाइलींची नक्कल करून भागत नाही. नक्कल करणारी प्रणाली आपल्याला दिसणारी एकच अनुक्रमणिका उतरविते. बाकीच्या निमूटपणे नाहीशा होतात. सर्व सेक्टरांची पहिल्यापासून अखेरपर्यंत जशीच्या तशी प्रतिमा घेतली, तरच रिकाम्या म्हणविल्या जाणाऱ्या पहिल्या १६ सेक्टरांसह एका सत्राचा संपूर्ण पाठ हाती राहतो.

७

या चर्चेवरून पूर्वोक्त दोन मतांविषयी काय म्हणता येईल? आयएसओ ९६६० दरिद्री होते हे खरे. पण ज्या रचनांनी त्याची जागा घेऊ पाहिली, त्यांनी अनभिज्ञ वाचकास दाराबाहेर ठेविले. दारिद्र्य हाच गुण असे म्हणणेही टिकत नाही, कारण त्या दारिद्र्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. रोमन लिपीबाहेरच्या भाषांवर तो सर्वाधिक पडला. त्या मानकाचा खरा गुण, स्वतःस जे माहीत नाही त्यासाठी जागा राखून ठेवणे, हा होय. नावांच्या बाबतीत त्याने केलेला अन्याय दूर झाला तोही या गुणामुळेच. २०१३ मध्ये आयएसओने या मानकास पहिली दुरुस्ती जोडून जोलिएटशी मेळ घातला, आणि २०१७ मध्ये एक्मा ११९ ची तिसरी आवृत्ती तदनुसार निघाली. समासातील टीप मूळ ग्रंथात येण्यास सुमारे १८ वर्षे लागली, आणि तोपर्यंत लेखनयोग्य सीडीचा भर ओसरला होता.

व्यवहारापुरते निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. आजही ज्यांना तबकडीवर लिहावयाचे आहे, त्यांनी आयएसओ ९६६० ची मूळ अनुक्रमणिका, तिच्याबरोबर जोलिएट आणि रॉक रिज या दोन्ही पुरवण्या, असे लेखन एकाच सत्रात करून तबकडी बंद करावी. डीव्हीडी असल्यास यूडीएफ १.०२ सह ब्रिज रचना योजावी. फाइलींची नावे आखूड, रोमन व क्रमांकित ठेवून त्यांची पूर्ण मराठी शीर्षके यूटीएफ-८ मधील एका सूचीच्या फाइलीत द्यावीत, म्हणजे नाव पुरवणीत राहिले तरी त्याचा अर्थ मजकुरात सुरक्षित राहील. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आधी संपूर्ण प्रतिमा घ्यावी, मग वाचन करावे.

मराठी नावांना मूळ अनुक्रमणिकेत स्थान नाही, याबद्दल खंत वाटणे साहजिक आहे. परंतु त्या खंतीपोटी केवळ पुरवणीवर विसंबून तबकडी लिहिणे, म्हणजे पुढील वाचकापाशी आपलीच प्रणाली असेल असे गृहीत धरणे होय; आणि मॅकिंटॉशच्या इतिहासाने दाखविल्याप्रमाणे, ते गृहीत स्वतःच्या घरातही टिकत नाही.